वीतभर

इथे मोबाईल लागत नाही.
पेट्रोलच्या इंजिनाची ठिणगीसुद्धा चालत नाही,
कारण कारूच्या माळावर चौसष्ट पांढऱ्या थाळ्या
आभाळाला कान लावून बसल्यात,
आणि त्यांना जे ऐकायचंय
ते आमच्या कुजबुजीहूनही हळू बोलतं.

माझा बाप, फ्लोरिस बेउकेस,
चाळीस वर्षं मेंढ्या कातरत होता.
मग कुरणं कुंपणाआड गेली, मेंढ्या ट्रकांत गेल्या,
आणि कुंपणाच्या आत
मला नोकरी लागली.
याबद्दल आम्ही जेवताना बोलत नाही.

रविवारी त्याने विचारलं,
"रात्रभर ऐकतेस तरी काय?"
हायड्रोजन, म्हटलं.
त्याचा एक अणू कोटभर वर्षांतून एकदा कूस बदलतो,
तेवढ्यात एक लाट सुटते.
वीतभर. खरंच, वीतभरच.
पण ती वाटेत असताना विश्व पसरत राहतं,
पोचेस्तोवर तिची दीड वीत होते.
जितकी ताणलेली, तितकी जुनी.
दीड वीत म्हणजे पृथ्वी जमायच्या आधी निघालेली.

त्याने हात टेबलावर पसरला,
अंगठा ते करंगळी.
मधलं बोट कातरीने वाकडं झालेलं.

मग मी त्याला दीर्घिका कशा उभ्या राहतात ते सांगत बसले.
आधी नुसतं वजन असतं, न दिसणारं.
वायू त्यात उतरत जातो,
घरंगळत, फिरत, निवत.
मधोमध पहिले तारे पेटतात,
मग बाहेरचं कडं, मग त्याच्याही बाहेरचं.
"उलटंच की," तो म्हणाला.
आमच्याकडे लाकूड नाही,
म्हणून जुन्या घरांना वासे नाहीत:
चपटे दगड, कड्यावर कडं,
प्रत्येक कडं आधीच्याहून बोटभर आत,
शेवटी वरच्या भोकावर एक शिळा.
सुट्टीच्या दिवशी तो असली घरं डागडुजी करतो.
"आम्ही बाहेरून आत येतो," म्हणाला,
"आत आलं की काम संपलं."

दोन दीर्घिका एकमेकींत शिरतात
तेव्हा ताऱ्याला तारा घासतसुद्धा नाही,
एवढी जागा मोकळी. आदळतो तो वायू,
आणि एका दमात इतके तारे पेटतात
की पुढच्यांसाठी काही उरत नाही.
मोठ्या सगळ्यांत आधी विझतात.
निळे तारे घाईघाईत जगतात, जातात.
मागे तांबडे.
म्हातारे, काटकसरी,
घरात पोर नसलेले.

त्याचा घास हातातच राहिला.
"शाळा बंद झाली तेव्हा," तो म्हणाला,
आणि मीठ मागितलं.

बुधवारी पहाटे चारला
एका तांबड्या, विझलेल्या म्हणून नोंद झालेल्या दीर्घिकेभोवती
वायू सापडला.
विरळ. काठावर. हळूहळू फिरणारा.
आलेखावर एवढासा उंचवटा,
झोप आली असती तर हुकला असता.
कुठून आला माहीत नाही.
आयुष्यभर तसाच पडून राहील,
किंवा कधीतरी आत उतरेल.
मी कुणाला उठवलं नाही.
थर्मासमधला चहा संपवला.

फोटो पाठवायची सोय नाही, म्हणून
कागदावर एक सरळ रेघ मारली,
लाट पोचली तेव्हा होती तेवढी लांब,
आणि शुक्रवारी घरी नेली.

बापाने वीत ठेवली. पुरली नाही.
करंगळी उचलून पुढे अर्धी टेकवली.
"अजून आहे का ती तिथे?"
माहीत नाही, म्हटलं.
आपल्याला कळेल ते नेहमी उशिराच.

तो उठला, पेटीतून
शेवटच्या कातरणीच्या लोकरीचा धागा काढला,
रेघेवर धरून तोडला,
आणि दाराशेजारी कातर टांगायच्या खिळ्याला बांधला.

दार उघडं होतं. धागा हलत होता.
बाहेर त्या दगडी घरावर
चढायला सोडलेले दगड दिसत होते.
मी विचारलं, काम झाल्यावर हे काढत का नाहीत?
"परत चढावं लागतं," तो म्हणाला,
आणि दिवा मालवायला विसरला.